पत्रा लागेपर्यंत

निपाणीच्या धरणेंद्र अण्णांची जुनी मोटार बघायला बेळगावहून गिऱ्हाईक आलं आणि नेमकी तेव्हाच ती सुरू होईना. अरिहंत मिस्त्रीनं मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बॉडीला लावली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसल्याचं मीटरनं जाहीर केलं.

"अण्णा, अर्थिंगच्या बोल्टाखाली रंगाचे थर बसल्यात. पत्रा लागंस्तोवर खरवडायला पायजे."

"खरवड की. रंगाला काय सोनं लागलंय?"

वरचा पांढरा रंग निघाला. अण्णांच्या पत्नी पद्मावती वहिनी गेल्या, त्याच महिन्यात अण्णांनी तो मारून घेतला होता. खाली पोपटी लागला. "असला रंग रिक्षावालाबी घेत न्हाय," असं पेंटरनं बजावूनही वहिनींनी हट्टानं निवडलेला.

"थांब," अण्णा म्हणाले.

"अजून पत्रा लागला न्हाय, अण्णा."

"मग अर्थिंग दुसरीकडं जोड."

दुसऱ्या बोल्टला अर्थिंग मिळालं आणि गाडी एका दमात सुरू झाली. गिऱ्हाईक खूश झालं.

"गाडी पसंत आहे. फक्त रंग बदलून घेईन म्हणतो."

"मीबी त्येच म्हणतोय," उघड्या पडलेल्या पोपटी रंगाकडं बघत अण्णा म्हणाले आणि गाडी बंद करून त्यांनी किल्ली खिशात टाकली.