मनासारखी बोट

"हीपण नको." चंद्रप्रकाशने चौथं माहितीपत्रक टीपॉयवर भिरकावलं. "डायनिंग हॉल बघा. याच्यापेक्षा गिरगावातलं लग्नाचं कार्यालय बरं. आणि खिडक्या म्हणायच्या का ह्या? रेशनच्या दुकानाला याहून मोठी असते."

समोरचा एजंट कसनुसं हसला. फोर्टहून अंधेरीला यायची त्याची ही तिसरी खेप होती. सिंगापूरला बोटीवर चढायचं आणि महिनाभर बेटं बघत आरामात फिरायचं, असा बेत होता. पैसे दुबईचा भागीदार तिकडेच भरणार होता. सोबत क्लबातली दोन जोडपी होती. त्यांनी 'ईस्टर्न पर्ल' पहिल्याच दिवशी पसंत केली होती. एजंटाने सगळ्यांच्या जागाही धरून ठेवल्या होत्या. अडून बसला होता तो एकटा चंद्रप्रकाश. एक बोट त्याला जुनाट वाटली, एक भपकेबाज. एकीचा स्विमिंग पूल म्हणजे म्हशी धुवायचं डबकं. ईस्टर्न पर्लला मात्र त्याने नाव ठेवलं नाही. तिचा विषय निघाला की तो उठून फॅनचा वेग कमीजास्त करायचा.

एजंट गेल्यावर रत्नप्रभाने पसरलेले कागद गोळा केले. नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "अहो, बोटींना कशाला नावं ठेवताय? धाकूभाऊजी कुठल्या बोटीवर आहेत, तेवढं जाऊन विचारून या. मग उरलेल्या सगळ्या तुम्हाला आरामशीर वाटतील."

चंद्रप्रकाश उठून फॅनच्या बटणाकडे गेला.

धाकू त्याचा थोरला भाऊ. मिसरूड फुटायच्या आत गाव सोडून बोटीवर चढला, तो अजून चढतोच आहे. परदेशी बोटींवर प्रवाशांच्या खोल्या झाडायच्या, बिछाने घालायचे, टॉवेल बदलायचे, हे त्याचं काम. त्याच पगारावर धाकट्याचं इंजिनिअरिंग झालं. विक्रोळीच्या शेडमधलं, चंद्रप्रकाशच्या कारखान्याचं पहिलं यंत्रही त्याच पगारातून आलं. क्लबात चंद्रप्रकाश सांगायचा, "आमचे ब्रदर फॉरेन शिपिंगमध्ये ऑफिसर आहेत." धाकूच्या मुलाच्या, नंदूच्या लग्नाला तो गेला नव्हता. ड्रायव्हरच्या हाती पाकीट पाठवलं, काम भागलं. आता हा ऑफिसर क्लबातल्या मंडळींसमोर खांद्यावर टॉवेल टाकून उभा राहिला तर?

रविवारी तो जोगेश्वरीला गेला. कॉन्टेसा गल्लीत शिरेना, म्हणून कोपऱ्यावर सोडावी लागली. नाकाला रुमाल लावून तो चाळीपर्यंत चालत आला. जग फिरून माणूस शेवटी या गटारावर येऊन राहतो, असं त्याच्या मनात आलं.

धाकू सुट्टीवर घरीच होता. नंदूच्या मुलीला मांडीवर घेऊन भात भरवत होता. चंद्रप्रकाश तिला पहिल्यांदाच बघत होता. नाव विचारायचं त्याला सुचलं नाही.

"बस रे, चंदू," धाकू म्हणाला.

मालनवहिनीने लगबगीने चहा आणला. "नको वहिनी, चहा सोडलाय मी," असं म्हणत तो खुर्चीच्या कडेवर टेकला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "दादा, पुढच्या महिन्यात कुठली बोट तुझी?"

धाकूने पोरीच्या तोंडात घास घातला. उत्तर मालननेच दिलं. "ईस्टर्न पर्ल! आणि खंयची? दर खेपेक तीच तर मिळता."

चंद्रप्रकाशचा चेहरा पडला. "आम्ही... त्याच बोटीने जायचं चाललंय."

"अगो बाय! मगे बराच झाला की!" मालनला कोण आनंद झाला. "घरचो माणूस आसा म्हटल्यार काळजी कसली? तुमचो बिछानोसुद्धा हेच घालतले बघा!"

"तसं नाही, वहिनी. आमच्याबरोबर लोक आहेत. मोठे लोक आहेत." घाम पुसून तो भावाकडे वळला. "दादा, एक काम कर. ही एवढी एक फेरी सोड. तुझं काही नुकसान होऊ देणार नाही मी."

मालनचा चेहरा उतरला. रिकामा ट्रे हातात धरून ती तशीच उभी राहिली.

धाकूने पोरीचं तोंड पंच्याने पुसलं. तिला खाली ठेवलं. "सोडलंय," तो म्हणाला. "परवाच सोडलंय. तुमचो एजंट आमच्या हापिसात तुझा नाव सांगत होतो. मी आयकलंय, तसोच साहेबाकडे गेलंय नि दुसरी बोट मागून घेतलंय."

"माका सांगूक नाय तुमी ता!" मालन म्हणाली.

चंद्रप्रकाशने मोठा श्वास सोडला. आल्यापासून पहिल्यांदाच तो खुर्चीत मागे रेलला. सोडलेला चहाही त्याने हसत उचलला.

"दादा, मानलं तुला," तो म्हणाला. "माझी अडचण तू न सांगता ओळखलीस. माझ्यासाठी नेहमीची बोट सोडलीस."

"तुझ्यासाठी नाय रे, चंदू," धाकू शांतपणे म्हणाला. "त्या बोटीरच्या लोकांत माका मान आसा. तू माझो भाव म्हणान तेंका खंयच्या तोंडान सांगू?"