ठिणगीआधी

तो अनोळखी पुन्हा समुद्रात पडला.

"अरे, काठाकाठाने चाल ना," ती म्हणाली. हेडसेटमधून तिचा आवाज मुलाचा होऊन जात होता. "पाण्यात पडलं की सगळं पहिल्यापासून!"

"असू दे. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

बेट खेळातलं होतं. टोकाला विझलेलं दीपगृह. त्याच्या दिव्याची लोखंडी चौकट दोघांनी मिळून वेल्डिंगने जोडायची, की दिवा लागतो. तिला दिव्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ती तिथे दादाला शोधायला आली होती.

दोन वर्षांपूर्वी दादाने कारखान्यातली नोकरी सोडली, तीही बाबांनी शब्द टाकून मिळवून दिलेली. बाबा तिथले जुने वेल्डर. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस." एरवी बाबांचं बोलणं दादाच्या या कानातून आत जाई आणि त्या कानातून बाहेर. हे एकच वाक्य त्याने अक्षरशः ऐकलं. तोही उलट बरंच बोलला, आपली किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. फोन नंबरही बदलला.

कोपऱ्यावर दादाच्या मित्राचं गेमिंग पार्लर होतं. तोच एकदा म्हणाला, "तो बेटावर येतो म्हणे अजून. नाव बदलून." त्या दिवशी तिने दादाचा जुना हेडसेट कपाटातून काढला. मुलाचं रूप घेतलं, आवाजही. बहीण मागावर आहे असं कळलं तर तो तिथूनही पसार होईल, ही भीती.

बाबांना हेडसेटचं नाव काढलेलं खपत नसे. "डोळ्यांना डबा बांधून हवेत हात मारायचे! पोहायला तरी शिकतात का त्यात?" म्हणून त्यांना ओव्हरटाइम असला की संध्याकाळी ती बेटावर जाई. हल्ली ओव्हरटाइम बराच असे.

"कारखाना विकत घेतलात की काय?" आई विचारी.

बाबा हात धुऊन जेवायला बसत. कपाळावर वेल्डिंगच्या मुखवट्याचा वळ नेहमीचाच, आता गालांवरही उमटलेला. "नवा मुखवटा आलाय, घट्ट बसतो," म्हणत.

अनोळखी भला माणूस होता, आवाज त्याचाही बदललेला, खेळातला, पण चालताना नुसता धडपडे. चौकट जोडायची वेळ आली तेव्हा मात्र त्याचे हात सराईतासारखे चालले. ठिणगी पाडण्याआधी तो ओरडला, "डोळे!"

तिने झटकन तोंड फिरवलं.

मग तिच्या लक्षात आलं. खेळातल्या ठिणगीने कुणाचे डोळे जात नाहीत. ही हाक कारखान्यातली. ठिणगी पाडण्याआधी बाबा आसपासच्यांना अशी हाक देत, आणि दोन्ही पोरांना त्यांनी ती लहानपणीच शिकवली होती. दादा तर गॅस पेटवतानाही "डोळे!" म्हणून ओरडे आणि आईच्या शिव्या खाई.

सापडला! धडपडण्याचं कोडंही सुटलं. दादा या खेळात तरबेज. ओळखू येऊ नये म्हणून नवख्याचं सोंग, दुसरं काय.

अनोळखीही हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत उभा होता.

"तोंड का फिरवलंस?" त्याने हळूच विचारलं.

"सवय आहे."

त्यानंतर दोघंही जपून बोलू लागले.

"घरच्यांची आठवण येते का रे?" एकदा तिने खडा टाकून पाहिला.

"न येऊन कसं चालेल?"

"मग बोलत का नाहीस?"

"रागात एक शब्द तोंडातून गेला. आता कुठल्या तोंडाने समोर उभा राहू?"

तिला भरून आलं. हेडसेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, ही त्याची मोठी गैरसोय. "समोरचाही वाटच बघत असेल," ती म्हणाली.

"तुला तसं वाटतं?"

"वाटतं नाही, मला माहीत आहे."

ही सरळसरळ थाप होती. घरात दादाचा विषय निघाला की बाबा उठून जात. पण आधी त्याला घरी आणू, बाबांचं नंतर बघू, असा तिचा हिशोब होता.

शेवटचा सांधा बसला आणि दिवा लागला. सगळा समुद्र उजळला. दोघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही.

"खरंखुरं भेटू या?" अनोळखी म्हणाला. "रविवारी सकाळी. पोहण्याच्या तलावाच्या फाटकाशी."

कुठला तलाव, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दादा त्याच तलावात बाबांच्या हातांवर पोहायला शिकला होता.

रविवारी बाबा लवकरच ओव्हरटाइमला गेले. मैत्रिणीकडे जाते, असं आईला सांगून तीही निघाली. मुठीत दादाची किल्ली होती.

फाटकाच्या खांबाआड कुणीतरी उभं होतं. इस्त्रीच्या बाहीचा कोपरा तेवढा दिसत होता. दादाचं आणि इस्त्रीचं कधी जमलं नव्हतं, पण दोन वर्षांत माणूस सुधारतो. ती थोडी अलीकडेच थांबली. आपल्याला बघून तो पळाला तर? पाय पुढे टाकवेना. शेवटी तिने तिथूनच हाक दिली.

"डोळे!"

बाहीतला हात झटकन वर गेला. मग डोळ्यांवरचा तो हात खाली घेत, लहान मुलासारखे हसत, बाबा खांबाआडून बाहेर आले. तिला पाहून थबकले. मग तिच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघू लागले.

"तुलाही दादाने सांगितलं?" ते म्हणाले. "कुठंय तो?"