परकं

सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोका दिसेना, तेव्हा इरानं आईकडे पाहिलं. पोटातच गेलेलं इराचं हे चौथं बाळ होतं.

साथीच्या साली तिच्या आईनं, डॉ. मृदुला खांबेटे यांनी, एका रानवेलीच्या मुळाचा अर्क सगळ्या मुलांना दिला होता. पहिला थेंब इराच्या जिभेवर ठेवला होता. त्यानंतर त्या पिढीत कुणाला साधी सर्दीही झाली नव्हती.

"त्या अर्कामुळे तुझ्या पेशी परकं काहीच सोसत नाहीत गं," मृदुलाताई म्हणाल्या. "बाळ अर्धं बापाचं असतं. त्या त्याला जंतूच समजतात."

"तुला हे आधी माहीत होतं?"

"उंदरांमध्ये दिसलं होतं. एकाही मादीचं पिल्लू जगलं नाही. पण तेव्हा गावोगाव मुलं मरत होती. तू सहा वर्षांची होतीस, तापानं फणफणलेली."

"आणि नंतर? पंचवीस वर्षं गप्प का राहिलीस?"

"त्याला उतारा नाही, इरा. सांगितलं नाही म्हणून निदान चार वेळा तरी तू आनंदात होतीस."

मृदुलाताईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. इरानं तो बाजूला केला आणि नर्सकडे वळून म्हणाली, "सिस्टर, या बाईंना बाहेर बसवा."