डावी बाजू

'नापास होऊ दे,' मनाली मनातल्या मनात घोकत होती. 'काहीतरी खोट निघू दे.'

इन्स्पेक्टर मॅडम बॉनेटखाली वाकून चेसिस नंबरचा एकेक आकडा हातातल्या कागदाशी ताडून बघत होत्या. पेठ रोडवरच्या आरटीओच्या मैदानात ऊन चढलं होतं. गाडीपाशी मनालीचे वडील झुंबरराव हात मागे बांधून उभे होते, पोरीचा दहावीचा निकाल लागतोय अशा चेहऱ्याने. त्यांना गाडी पास व्हायला हवी होती. मनालीला ती इथून थेट भंगारात जायला हवी होती. गाडी तिच्या नावावर नसती, तर ती आज आलीही नसती.

नोकरी लागल्यावर तिने घेतलेली, त्यांच्या घरातली पहिली गाडी. घोटीच्या पुढे दाट धुक्यात एक बंद पडलेला ट्रक एकदम समोर आला, तेव्हा स्टिअरिंगवर तीच होती आणि शेजारी वडील. "पप्पा!" असं आपण ओरडलो एवढं तिला आठवतं. पुढचं आठवतं ते हॉस्पिटलचं छत. मधलं सगळं पुसलं गेलं. तिच्या उजव्या हातात प्लेट बसली. वडिलांना खरचटलंसुद्धा नव्हतं, पण त्याचं कौतुक कुणाला? सिंधुआत्या भेटायला आली ती सफरचंदं ठेवता ठेवताच म्हणाली, "अगं, बापाचा जीव घेतला असतास की!"

झुंबरराव तिथेच स्टुलावर बसले होते. एका अक्षराने बोलले नाहीत. आत्याच्या बोलण्यापेक्षा ते गप्प बसणंच मनालीला जास्त लागलं.

विमा कंपनीच्या माणसाने गाडी पाहिली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातोय, म्हणून टोटल लॉस, असं सांगून तो मोकळा झाला. गाडीची नोंदणीही थांबली; आरटीओने पुन्हा पास केल्याशिवाय ती रस्त्यावर येणार नव्हती. चला, ब्याद गेली, असं मनालीला वाटलं. पण जन्मभर कारकुनी करताना साहेबाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेले झुंबरराव इथे मात्र अडून बसले. कंपनीकडून कमी रक्कम घेतली आणि गाडीचा सांगाडा ठेवून घेतला. मग रोज अंबडच्या गॅरेजमध्ये फेऱ्या सुरू झाल्या. "चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला," असं आई, चांगुणाबाई, रोज ऐकवायची. झुंबररावांच्या कानापर्यंत ते पोचायचंच नाही. चपला घालून ते निघालेले असायचे.

मनाली गॅरेजकडे एकदाही फिरकली नाही. तिने आपल्यापुरता अर्थ लावून टाकला होता. पप्पांना ती गाडी दारात उभी करायचीय. पोरीने रोज उठून आपले प्रताप बघावेत म्हणून. तोंडाने न बोलणारी माणसं अशीच बोलतात.

"चला, ट्रायल घेऊ," मॅडम म्हणाल्या.

गॅरेजवाला आयुष गाडी चालवायला बसला, मॅडम त्याच्या शेजारी. मैदानाच्या टोकाला ब्रेक करकचून लागला. मनालीने डोळे मिटले. प्लेटवाला हात आपोआप छातीशी गेला. डोळे उघडले तेव्हा गाडी सरळ रेषेत शहाण्यासारखी उभी होती. तिथेही नशीब फुटकं.

खाली उतरून मॅडम फाईलमधले अपघाताचे फोटो चाळू लागल्या. मनालीने मान वळवली. ते फोटो तिने कधी पाहिले नव्हते. घरात तो विषय निघाला की कुणीतरी चहा टाकायला उठायचं आणि विषय तिथेच संपायचा.

एका फोटोवर मॅडमचा हात थांबला. "चालवत कोण होतं?"

"मी." आता इथेही ऐकून घ्यायचं, मनालीला वाटलं.

"मार सगळा तुमच्याच बाजूला बसलाय." मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आम्ही सहसा उलटं बघतो. समोर काही आलं, की चालवणाऱ्याचा हात आपसूक स्वतःला वाचवायला वळतो. मार खातो तो शेजारचा."

मनाली वडिलांकडे बघायला गेली, तर ते गाडीकडे बघत होते.

मॅडम गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. मनालीही मागोमाग गेली. उजवीकडचा पत्रा, दारं, रंग, सगळं नवंकोरं होतं. डावीकडे मात्र जुनाच रंग होता, उन्हाने विटलेला. पार्किंगमध्ये स्कूटरने काढलेला ओरखडासुद्धा तसाच.

"काका, गाडी पास आहे. रंगासाठी मी अडवत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण एवढा खर्च केलात, मग ही बाजू का सोडली? दोन रंगांची दिसते गाडी."

"मी किती सांगितलं, मॅडम!" आयुषला तेवढंच निमित्त हवं होतं. "म्हटलं, एकाच वेळी सगळी रंगवून देतो, पैसेबी नको वरचे. काका ऐकतच नाय. या बाजूला बोट लावू दिलं नाय त्यांनी मला."

झुंबरराव पुढे आले. डाव्या दारावर त्यांनी तळवा टेकवला. उत्तर मॅडमना द्यायचं होतं, पण ते बघत होते मनालीकडे.

"ही बाजू हिला दाखवायची होती, मॅडम, होती तशी," ते म्हणाले. "इथं मी बसलो होतो."