माठातली चिमूट
अनुसयाबाईंची लेक बोडीचं, गावाबाहेरच्या डबक्याचं, पाणी पिऊन हगवणीनं गेली होती. तेव्हापासून पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास आल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नसे. नळाला येणाऱ्या तलावाच्या पाण्यात पंचायत पावडर टाकायचीच, तरी सून आल्यावर त्या घरच्या माठात गुपचूप आणखी चिमूटभर सोडू लागल्या. सुनेचा दोनदा गर्भ पडला, तो पाण्यानंच असं वाटून चिमूट वाढत गेली. तिला पुन्हा दिवस गेले. तपासायला आलेल्या नर्सबाईंनी माठ हुंगला. “एवढी पावडर कोण टाकून राहिलं? तलावाच्या पाण्यात पालापाचोळा कुजलेला असते, त्यात पावडर जास्त झाली तर पोटातल्या लेकराले बाधू शकते.” अनुसयाबाईंनी कोनाड्यातली पावडरची पुडी काढून पुढे ठेवली. “मंग दोन्ही लेकरं मीच मारली का वो, बाई?” “तसं नक्की सांगता येत नाही, आजी.” नर्सबाई गेल्या. सून सासूजवळ बसली. “आई, तहान लागली. तुमच्याच हातानं द्या.” अनुसयाबाईंनी हात पदराखाली लपवले.