कुड हॅव

फोन कानाला लावून वत्सलाबाई इंग्रजीच्या वर्गातून व्हरांड्यात आल्या. डब्लिनहून मुलाचा रूममेट बोलत होता. तो केरळचा, त्याला मराठी येत नव्हतं. त्याच्या भरभर बोललेल्या इंग्रजीतले दोनच शब्द त्यांना कळले, 'अॅक्सिडेंट' आणि 'डाइड'.

त्या मटकन खाली बसल्या. "माझा प्रसन्न गेला हो!"

शबाना मॅडम वर्गातून धावत आल्या. त्यांनी खाली पडलेला फोन उचलला, रूममेटला पुन्हा सावकाश सांगायला लावलं आणि डोळे मिटून ऐकू लागल्या. वर्गातल्या बायका दारात जमल्या.

"ताई, माझ्याकडे बघा. तो म्हणाला, 'ही कुड हॅव डाइड.' म्हणजे मेला असता. मेला नाही! सायकलला बसची धडक बसली, पण हेल्मेटमुळे वाचला. पाय मोडलाय फक्त."

वत्सलाबाईंना खरं वाटेना. "'असता' म्हणाला? नक्की?"

"नक्की. घ्या, त्यानं फोन प्रसन्नकडेच दिलाय."

"आई, घाबरू नकोस गं. चूक माझीच, सिग्नल तोडला मी."

हे ऐकताच त्यांचा संताप उसळला. तो लहान असल्यापासून, त्या चिडल्या की त्याच्यासाठी त्यांच्या तोंडी एकच शब्द यायचा.

"मे..." त्या ओरडल्या आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. 'मेल्या' काही केल्या तोंडातून बाहेर पडेना.

"बाळा," त्या कशाबशा म्हणाल्या, "बोलत राहा."