सातवा अल्बम

एका पोस्ट-पंक रॉक बँडला चाळीस वर्षं झाली, म्हणून संपादकाने संगीत समीक्षकाकडे लेख मागितला. त्यासाठी समीक्षकाने बँडचा कुणालाच न आवडलेला सातवा अल्बम पुन्हा लावला. अल्बम आला तेव्हा ‘थकलेल्या माणसांचा गोंगाट’ म्हणत त्यानेच त्याची सालटी काढली होती, तीही अल्बम दुसऱ्या गाण्यातच बंद करून. आज शेवटपर्यंत ऐकला आणि शरमेने त्याचे कान तापले. धीर करून त्याने बँडच्या गायिकेला फोन लावला. गाणी तिचीच होती.

“ताई, मी तेव्हा अल्बम पूर्ण ऐकलाच नव्हता. फार सुंदर आहे हो. माफ करा मला.”

ती हळूच म्हणाली, “खरंच चांगला आहे? तुमचं वाचल्यापासून मीही तो कधी लावला नाही.”